विश्लेषण : तळ्यातला ऑक्सिजन मोजायचा कसा? १८८८ मध्ये उत्तर देणारे लायोश विंकलर कोण होते?

रात्री वीज गेली, फिश टँकमधला पंप बंद पडला आणि सकाळी उठून पाहिले तर गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताहेत. मीरा रोडच्या पेणकरपाड्यात काय किंवा राज्यातल्या कुठल्याही गावात काय, घरी मासे पाळणाऱ्यांनी हा अनुभव कधी ना कधी घेतलेला असतो. याचीच मोठी आवृत्ती तळ्यांत दिसते. मुंबईच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मेलेल्या माशांचा थर आल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. कोल्हापुरात पंचगंगेतही मासे तरंगू लागले की पाण्याचे नमुने घेतले जातात. त्यानंतर बातमीत एक वाक्य हमखास असते : पाण्यातील विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण घटले होते.

पण हे प्रमाण मोजतात कसे? पाण्यातला ऑक्सिजन दिसत नाही, त्याला रंग नाही, वास नाही. तरीही प्रयोगशाळा ठामपणे सांगते की एका लिटरमध्ये इतके मिलिग्रॅम. हा ठामपणा ज्यांच्यामुळे आला ते हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर. त्यांची पद्धत १८८८ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबई महापालिकेचा कायदा झाला तेच हे वर्ष. तो कायदा आजही लागू आहे आणि विंकलर यांची पद्धतही.

पाण्यात ऑक्सिजन असतो तरी किती?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजन आहे, म्हणजे माशांना तो भरपूर मिळत असेल असे अनेकांना वाटते. तो ऑक्सिजन हायड्रोजनशी घट्ट बांधलेला असतो. माशांना त्याचा श्वासासाठी काही उपयोग नाही. मासे जगतात ते हवेतून पाण्यात विरघळलेल्या आणि पाण्यातल्या वनस्पतींनी, शेवाळाने सोडलेल्या ऑक्सिजनवर.

तो फार थोडा असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. म्हणजे मासा आपल्यापेक्षा साधारण छत्तीस पटींनी विरळ पुरवठ्यावर जगतो. पाणी तापले की हा आकडा आणखी खाली येतो. शून्य अंशाला तो १४.६ असतो, २० अंशाला ९.१, ३५ अंशाला सातच्याही खाली. मीठ असेल तर आणखी कमी, त्यामुळे भाईंदरच्या खाडीचे पाणी आणि काशिमिऱ्याच्या जरीमरी तलावाचे पाणी सारखेच तापलेले असले तरी खाडीच्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

इतक्या बारीक प्रमाणात एक-दोन मिलिग्रॅमचा फरक म्हणजे जगण्या-मरण्याचा फरक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, तर उघड्यावर आंघोळीसाठीच्या पाण्यात किमान ५. चार आणि पाच यांतला फरक सांगायचा तर मोजणी अचूक हवी. एकोणिसाव्या शतकात अडचण होती ती नेमकी इथेच.

विंकलर यांच्याआधी काय होत होते?

पाणी उकळून त्यातले वायू बाहेर काढायचे, काचेच्या नळीत गोळा करायचे आणि त्यात ऑक्सिजन किती ते पाहायचे, ही जुनी रीत. ऐकायला सोपी, करायला महाकठीण. उपकरण अवजड, काचकाम नाजूक, एका नमुन्याला तासन्‌तास. शिवाय काम चालू असताना बाहेरची हवा किंचित जरी आत शिरली तरी उत्तर बिघडले, कारण हवेत ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी जास्त.

१८७२ ते १८७६ या काळात जगाचे समुद्र धुंडाळणाऱ्या ब्रिटिश चॅलेंजर मोहिमेवर हेच करावे लागले. जहाजावरचे रसायनतज्ज्ञ जॉन बुकॅनन समुद्राचे पाणी उकळत, निघालेले वायू काचेच्या नळ्यांत बंद करत आणि नळ्या जपून ठेवत. त्यांचे विश्लेषण झाले मोहीम संपल्यावर, ग्लासगोत, विल्यम डिटमार यांच्या प्रयोगशाळेत. अहवाल आला १८८४ मध्ये. समुद्रात ऑक्सिजन किती, या प्रश्नाचे उत्तर मिळायला काही वर्षे लागली.

फ्रान्समध्ये श्युत्झेनबर्जर यांनी हायड्रोसल्फाइट वापरून थेट पाण्यातच मोजणी करायची पद्धत काढली होती. ती उकळण्यापेक्षा जलद होती, पण ते रसायन हवेत लगेच खराब होई. तळ्याच्या काठावर बसून करण्याजोगे ते काम नव्हते. थोडक्यात, पाणी जिथे आहे तिथे मोजता येत नव्हते आणि मोजता येत होते तिथपर्यंत नेईस्तोवर पाणी तेच राहत नव्हते. बाटलीतले जीवाणू वाटेतही श्वास घेतच असतात.

विंकलर कोण होते?

हंगेरियन रीतीप्रमाणे आडनाव आधी, त्यामुळे त्यांच्या देशात ते विंकलर लायोश. जन्म २१ मे १८६३, अराद या शहरात. तेव्हा हे शहर हंगेरीत होते. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या त्रिआनो कराराने सीमा बदलल्या आणि अराद रुमानियात गेले. म्हणजे विंकलर आयुष्यभर बुडापेस्टमध्ये राहून काम करत होते आणि त्यांचे जन्मगाव मात्र मधल्या मध्ये परदेश झाले.

मोबाइलवर नुसते विंकलर शोधले तर बहुधा दुसरेच कोणी समोर येतात. १८८६ मध्ये जर्मेनियम हे मूलद्रव्य शोधणारे क्लेमेन्स विंकलर जर्मन होते. त्यांचा आणि पाण्यातल्या ऑक्सिजनचा संबंध नाही. दोघे एकाच काळातले, दोघेही रसायनतज्ज्ञ, त्यामुळे हा घोळ अगदी विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्येही सापडतो.

लायोश विंकलर यांची सुरुवात औषधाच्या दुकानात झाली. त्या काळचे औषधाचे दुकान म्हणजे आजच्यासारख्या तयार गोळ्यांच्या पट्ट्या विकण्याची जागा नव्हे. औषध तिथेच तयार होई. शिकाऊ मुलाला वजन करणे, विरघळवणे, गाळणे, बाटली भरणे आणि तिचे तोंड नीट बंद करणे हे सगळे हाताने करावे लागे. कणभर चूक म्हणजे रुग्णाच्या जिवाशी गाठ. पुढे विंकलर यांच्या सगळ्याच पद्धतींत जो काटेकोरपणा दिसतो, त्याचे मूळ या दुकानात शोधणे गैर ठरणार नाही.

तिथून ते बुडापेस्ट विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकायला गेले आणि कारोय थान यांच्या हाताखाली लागले. थान हे हंगेरीतल्या रसायनशास्त्राचे मोठे नाव. त्यांनी स्वतः हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बुन्सेन यांच्याकडे काम केले होते. आपल्याकडे आठवीच्या प्रयोगशाळेतही ज्यांच्या नावाचा बर्नर असतो, तेच हे बुन्सेन. वायूंचे मोजमाप ही बुन्सेन यांची खासियत होती आणि खनिज पाण्याचे विश्लेषण ही थान यांची. बुडापेस्ट हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे शहर. त्या पाण्यात काय काय आहे याची तिथे कायम चौकशी असे. वायू आणि पाणी असे दोन्ही धागे विंकलर यांच्या हाती या वारशानेच आले.

२५ व्या वर्षी नेमके काय केले?

१८८८ मध्ये जर्मन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात विंकलर यांचा निबंध छापून आला. वय वर्षे पंचवीस. निबंध जेमतेम बारा पानांचा. त्यातली कल्पना अशी : ऑक्सिजन पाण्यातून बाहेर काढायचाच नाही. तो जिथे आहे तिथेच, बाटलीच्या आत, एखाद्या पदार्थाच्या गळ्यात बांधून टाकायचा.

तो पदार्थ म्हणजे मँगनीज. काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा ठेवायचा नाही. नळीचे टोक पाण्यात बुडवून आधी मँगनीजच्या क्षाराचे द्रावण आणि मग आयोडाइड मिसळलेले अल्कली सोडायचे. बूच लावायचे आणि बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर पांढरा साका तयार होतो. ऑक्सिजन असेल तर मँगनीज तो पकडते आणि साका तपकिरी होतो. जितका ऑक्सिजन जास्त, तितका तपकिरी रंग गडद.

इथे अर्धे काम संपते आणि खरी गंमत इथेच आहे. एकदा साका तपकिरी झाला की ऑक्सिजन पकडला गेला. आता बाटली तळ्याच्या काठावरून प्रयोगशाळेत नेली, वाटेत ट्रॅफिकमध्ये तास-दोन तास गेले, तरी आकडा फारसा हलत नाही. मोजणीचा नाजूक भाग काठावर दोन मिनिटांत उरकता येतो आणि उरलेले काम टेबलावर बसून करता येते. उकळण्याच्या जुन्या पद्धतीत हे अशक्य होते.

प्रयोगशाळेत बाटलीत आम्ल घालतात. विंकलर यांनी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले होते, आज बहुतेक ठिकाणी सल्फ्युरिक वापरतात. साका विरघळतो आणि मँगनीजने पकडलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते. पाणी पिवळसर तपकिरी दिसू लागते. आता मोजायचे ते आयोडीन. ते दिसते, त्याला रंग आहे आणि ते मोजण्याची रीत त्या काळीही रसायनशास्त्रात रुळलेली होती. ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचे. रंग फिका पडला की थोडे स्टार्च घालायचे. बटाट्यावर आयोडीन टाकले की निळे-काळे होते, तेच इथे होते. निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा झाला तिथे थांबायचे आणि ब्युरेट वाचायची.

सिव्हिल किंवा पर्यावरण अभियांत्रिकी केलेल्या कोणालाही या प्रयोगातला २०३ हा आकडा आठवत असेल. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत दोन-दोन मिलिलिटर रसायने घातली की ४ मिलिलिटर नमुना बाहेर सांडतो. म्हणून मूळचे २०० मिलिलिटर पाणी मोजायचे तर बाटलीतून २०३ घ्यावे लागते. ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट वापरले की हिशेब अगदी सरळ होतो : ७ मिलिलिटर लागले तर लिटरमागे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन. आम्ल घालतानाही थोडे पाणी सांडते, पण ते धरायचे नसते, कारण तोवर ऑक्सिजन तळाच्या साक्यात अडकलेला असतो आणि वरून सांडणाऱ्या पाण्यात तो नसतोच. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो.

पुढचे आयुष्य कसे गेले?

पाण्यातल्या ऑक्सिजनचा विषय विंकलर यांनी तिथेच सोडला नाही. नवी मोजपट्टी हातात आल्यावर त्यांनी प्रश्न उलटा केला : ठरावीक तापमानाला पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन मावतो? मग नायट्रोजन किती, हायड्रोजन किती? पुढची काही वर्षे त्यांनी वायूंच्या विद्राव्यतेचे आकडे काढण्यात घालवली. हे आकडे पुढे कित्येक दशके संदर्भग्रंथांतल्या तक्त्यांत वापरले गेले. आज तळ्याच्या अहवालात संपृक्ततेची टक्केवारी दिलेली असते, तिच्यामागे याच प्रकारचे तक्ते असतात.

१८९६ मध्ये हंगेरीच्या विज्ञान अकादमीने त्यांना सहसदस्य म्हणून घेतले. पूर्ण सदस्यत्व मिळायला १९२२ उजाडले. गुरू थान १९०८ मध्ये वारले. त्यानंतर विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या पहिल्या संस्थेची धुरा विंकलर यांच्याकडे आली आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे जवळपास पाव शतक, ती त्यांच्याकडेच राहिली.

या काळात त्यांनी केलेले काम बातमीचे नव्हे. ब्रोमाइड कसे मोजावे, आयोडाइड कसे मोजावे, साका गाळताना आणि वाळवताना चूक किती होते आणि ती कशी टाळावी, असे त्यांचे विषय. १९१३ मध्ये त्यांनी अमोनिया बोरिक आम्लात पकडून मोजायची सोपी रीत सुचवली. ती आज धान्य, दूध, पशुखाद्य यांतली प्रथिने मोजणाऱ्या प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. तिथे सहसा केल्डाल यांचे नाव घेतले जाते, विंकलर यांचे नाही. निवडक पद्धतींचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. एखादा मोठा सिद्धान्त त्यांच्या नावावर नाही, नोबेल नाही. मोजायचे कसे, एवढ्या एका प्रश्नावर माणसाने आयुष्य काढले. अशा माणसांची चरित्रे कमी लिहिली जातात, आणि त्यांच्यावर विसंबून चालणाऱ्या प्रयोगशाळा मात्र जगभर असतात.

१४ एप्रिल १९३९ रोजी बुडापेस्टमध्ये त्यांचे निधन झाले. पंच्याहत्तरी उलटली होती. दुसरे महायुद्ध सुरू व्हायला पाच महिनेही उरले नव्हते.

गटाराच्या पाण्याने पद्धत का फसली?

विंकलर यांची मूळ पद्धत स्वच्छ पाण्यासाठी उत्तम होती. शहरांच्या पाण्याने तिला अडचणीत आणले. सांडपाण्यात नायट्राइट असते आणि तेही आम्लात आयोडीन मोकळे करते. म्हणजे ऑक्सिजन नसतानाही ब्युरेट तो आहे असे सांगते. ही चूक कुठल्या बाजूला झुकते ते पाहा. पाणी जितके घाण, तितका आकडा चांगला दिसण्याचा धोका. मासे मरत असताना कागदावर सगळे आलबेल दिसावे, याहून वाईट मोजणी दुसरी नाही.

लोहाचाही असाच त्रास होता. १९०१ मध्ये रिडील आणि स्ट्युअर्ट यांनी परमँगनेटचा एक जादा टप्पा सुचवला. १९२५ मध्ये स्वीडनच्या आल्स्टरबेर्ग यांनी सोडियम अझाइड घालायची युक्ती काढली. अझाइड नायट्राइटला आधीच संपवून टाकते. आज भारतात तळी-नद्यांच्या पाण्यासाठी सर्रास वापरली जाते ती ही अझाइडवाली सुधारणा. मँगनीज, आयोडीन आणि थायोसल्फेट हा गाभा मात्र १८८८ चाच.

याच गाभ्यावर आणखी एक मोजणी उभी राहिली. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने १९१२ च्या अहवालात जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, हा निकष पक्का केला. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. एकीतला ऑक्सिजन आज मोजा, दुसरी पाच दिवस अंधारात ठेवून मग मोजा. जितका घटला, तितकी जीवाणूंची भूक आणि तितकी घाण. भारतासारख्या उष्ण देशात २७ अंशाला तीन दिवस ठेवण्याची पद्धत आहे. एखाद्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा बीओडी अमुक आला, अशी बातमी वाचताना त्यामागे मुळात विंकलर यांचा विचार आहे, हे कुठे लिहिलेले नसते.

समुद्रावर काय झाले?

चॅलेंजरवरच्या नळ्यांची आठवण ठेवा. विंकलर यांची बाटली हाती आल्यावर समुद्रशास्त्रज्ञांना जहाजावरच, त्याच दिवशी आकडा मिळू लागला. १९३३-३४ मध्ये मबाहिस या छोट्या जहाजावरून अरबी समुद्राची पाहणी झाली. भारतात बराच काळ काम केलेले प्राणिशास्त्रज्ञ सेमूर सेवेल तिचे प्रमुख होते. तेव्हा लक्षात आले की अरबी समुद्रात वरचा थर सोडला की खाली शेकडो मीटर जाडीचा एक पट्टा असा आहे, जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही. हा पट्टा जगातल्या सर्वांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी एक आहे. १९६६ मध्ये गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि दोना पावलाच्या या संस्थेतील संशोधक त्याचा अभ्यास आजही करतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळही तळाचे कमी ऑक्सिजनचे पाणी वर सरकते. त्याचा थेट संबंध मासेमारीशी आहे.

आता मीटर आले, मग विंकलर कशाला?

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या लीलंड क्लार्क यांनी पातळ पडद्याआडचा विद्युतअग्र तयार केला. त्यांना मोजायचा होता रक्तातला ऑक्सिजन, हृदयशस्त्रक्रियेसाठी. तोच पुढे पाण्यातही उतरला. आता प्रकाशावर चालणारे सेन्सर आले आहेत. पाण्यात दांडी बुडवली की पडद्यावर आकडा येतो. तलावांची वारंवार पाहणी करायला, कोळंबी प्रकल्पांना, मोठ्या मत्स्यालयांना हे मीटर लागतातच.

पण मीटरचा पडदा जुना होतो, त्यावर शेवाळ चढते, बॅटरी उतरते आणि तो न लाजता चुकीचा आकडा दाखवत राहतो. तो खरा की खोटा हे ठरवायचे तर त्याच पाण्याची एक बाटली विंकलर पद्धतीने तपासतात. महासागरात फिरणाऱ्या स्वयंचलित फ्लोटवरच्या ऑक्सिजन सेन्सरची खातरजमाही जहाजावर केलेल्या विंकलर मोजणीशी ताडून केली जाते. मत्स्यालयाच्या दुकानात थेंब टाकून रंग जुळवायचे जे ऑक्सिजन किट मिळते, त्यातल्याही बऱ्याच किटमध्ये हेच रसायन छोट्या बाटल्यांत भरलेले असते. पहिल्या दोन बाटल्यांनंतर पाणी तपकिरी झाले तर समजावे, आत मँगनीज आहे. हातमोजे मात्र घालावेत आणि किट मुलांपासून दूर ठेवावे. त्यातले अल्कली आणि आम्ल दोन्ही भाजणारे असतात.

मोजणी कधी करायची, यात काय फरक पडतो?

फार फरक पडतो. हिरव्यागार तळ्यात दुपारी तीन वाजता नमुना घेतला तर आकडा देखणा येतो, कारण शेवाळ उन्हात भराभर ऑक्सिजन सोडत असते. कधी कधी तो हवेतून मावेल त्यापेक्षाही जास्त दिसतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ ऑक्सिजन वापरू लागते. सोबत मासे, तळाचा गाळ, निर्माल्य कुजवणारे जीवाणू. रात्रभर उपसा चालू आणि भर नाही. सर्वांत कमी आकडा उजाडण्याच्या सुमारास असतो, म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात. सकाळी मेलेले मासे दिसले, दुपारी पथक आले, नमुना घेतला आणि ऑक्सिजन पुरेसा निघाला, असे झाले तर त्यात विंकलर यांची चूक नसते.

नमुना घेण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. बादली तळ्यात टाकून वर ओढायची आणि बाटलीत धो धो ओतायची, हे सर्रास होते. ओतताना पाण्यात हवा मिसळते. दोन मिलिग्रॅमचे मरणासन्न पाणी त्या ओतण्यातच सुधारते. बाटली पाण्याखाली हळूच भरावी किंवा नळी तळापर्यंत घालून भरावी, थोडे पाणी वाहू द्यावे आणि बूच लावताना आत बुडबुडा राहिला तर ओतून देऊन पुन्हा सुरुवात करावी. विंकलर यांच्या पद्धतीतला सगळ्यात कंटाळवाणा नियम हाच आहे आणि मोडला जाणाराही हाच.

घरच्या टँकलाही हेच गणित लागू पडते. पंपातून निघणारे बुडबुडे दिसायला छान, पण त्यांच्यातून थेट विरघळणारा ऑक्सिजन थोडाच असतो. खरे काम होते ते वरचे पाणी हलत राहिल्यामुळे. म्हणून वीज गेली तर मगाने पाणी उचलून थोड्या उंचीवरून परत टँकमध्येच ओतत राहिले, तर तासाभराची वेळ निभावते. त्या वेळात खाणे अजिबात टाकू नये, कारण न खाल्लेला प्रत्येक दाणा जीवाणूंच्या पोटात जातो आणि ऑक्सिजन संपवतो. मांगूर, मरळ, गुरामी, फायटर हे मासे वर येऊन हवाही घेऊ शकतात. ते तगले म्हणून पाणी ठीक आहे असे धरू नये. गोल्डफिशला ही सोय नसते. तो वर तोंड काढून जे पितो आहे ते पृष्ठभागाचे पातळ पाणी, जिथे हवेतला ऑक्सिजन नुकताच विरघळलेला असतो.